भाग्यलक्ष्मीकाकूंची मिशी

आमच्या धारगळच्या भाग्यलक्ष्मीकाकू सहासष्टाव्या वर्षी मिशी लावून राजा झाल्या. वाड्यावरच्या बायकांनी दशावतारी नाटक बसवलं, तेव्हा काकूंनी राणीचं काम साफ नाकारलं. "आमच्या घरात एक राणी आहे, तेवढी पुरे!"

ते खोटं नव्हतं. त्यांचे यजमान कृष्णनाथकाका तीस वर्षं दशावतारात राणी व्हायचे, तेही काकूंच्या ठेवणीतल्या साड्या नेसून.

नाटकाच्या दिवशीच राणी होणाऱ्या गौरवीला ताप भरला. शेवटी काकांनाच साडी नेसवून उभं केलं.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. काकूंना आणखी काय हवं होतं? चव्वेचाळीस वर्षं नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या बाईने तलवार उपसली आणि ती गरजली, "राणी, महालाचं फुटकं कौल तू कधी बदलणार? तीन पावसाळे आमच्या डोक्यावर पाणी ठिबकतंय!"

मंडप हसून लोळला. छप्पर कुणाचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी डोळे वटारले, पण राजापुढे राणीने मान खाली घालायची असते, हे तालमीत त्यांनीच शिकवलं होतं.

"उद्याच बदलते, महाराज," ते पुटपुटले.

सकाळी मी दूध द्यायला गेलो, तर काका छपरावर होते. खाली शिडी धरून काकू उभ्या, मिशीसकट.

"काकू, आता तरी मिशी काढा की!"

"थांब रे. न्हाणीचा नळ राहिलाय अजून."