वहीतून उपटलेलं स्थळ

नवीन जालन्यात स्टेशनकडून बाजारात शिरणाऱ्या रस्त्यावर बियाण्यांच्या दुकानांची रांग लागते. त्यातल्या एका दुकानाच्या शेजारून अरुंद जिना चढून गेलं, की सत्यशीलाचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली कपाशीची आणि मिरचीची पाकिटं, वर शिकणाऱ्यांचे सहा कॉम्प्युटर आणि तिचा एक. सकाळी मुलींची बॅच, दुपारी अर्ज भरणारे आणि निकाल बघणारे, आणि रविवारी फक्त गेम. दोन हजार पाच सालची ही गोष्ट. बाईमाणसानं एकटीनं चालवलेलं असं दुसरं ठिकाण त्या रस्त्यावर नव्हतं.

सत्यशीला मूळची धावड्याची. वडील लवकर गेले. आई बेबीनंदा लोकांच्या कपाशीच्या बियाणे प्लॉटवर रोजानं जायची आणि शाळेला सुट्टी असली की लेकीला बरोबर न्यायची. काम सोपं दिसायचं, पण नव्हतं. ओळींमधून सावकाश चालायचं, डावीकडं-उजवीकडं बघायचं आणि जे झाड बाकीच्यांसारखं नाही, ज्याचं पान वेगळं, फूल वेगळं, उंची वेगळी, ते मुळासकट उपटायचं. उपटताना मोठ्यानं ओरडायचं, "भेसळ!" म्हणजे मागून येणाऱ्या मुकादमाला कळायचं. असं एखादं झाड नजरेतून सुटलं तर तपासणीत सगळा प्लॉट नापास व्हायचा. दहा वर्षांच्या सत्यशीलाची नजर अशी तयार झाली होती, की मुकादम मोठ्या बायांना मागं ठेवून तिला पुढं घालायचा.

त्याच नजरेच्या जोरावर ती शिकली, असं बेबीनंदा सांगायची. भोकरदनला बी. ए., जालन्यात टायपिंग, मग कॉम्प्युटर, मग बियाण्याच्या एका ऑफिसात नोकरी, आणि शेवटी स्वतःचा क्लास. आई आता तिच्याकडंच राहायची. लग्नाचं कुणी काढलं, जमलं न्हाई का जमवलं न्हाई म्हणून खोदून विचारलं, तर सत्यशीला "दोन्ही" म्हणायची आणि समोरच्या की-बोर्डवरची धूळ पुसायला लागायची.

गेम आणला भुजंगनं. भुजंग बियाण्याची पोती वाहणारी पिकअप चालवायचा. औरंगाबादहून येताना तो एक कॉपी केलेली सीडी घेऊन आला. एक खेड्यातला गडी घर सोडून निघतो, वाटेत त्याला सोबती भेटत जातात, लढाया होतात, राजाचा सूड घ्यायचा असतो. गडी नको असेल तर बाई होऊनही निघता येतं. पण सगळी मौज बोलण्यात होती. सोबती काहीतरी म्हणायचा, खाली चार उत्तरं यायची, त्यातलं एक निवडायचं. नीट उत्तरं देत गेलं की एखाद्या सोबत्याचं मन जिंकता यायचं आणि अखेर लग्नही लागायचं. बोलणं सगळं इंग्रजीत. त्यामुळे सहाही टेबलांवरून एकच हाक यायची.

"ताई, ही काय म्हणून राह्यली?"

"ताई, इकडं या जल्दी, ही रुसली!"

दहा रविवार सत्यशीलानं हे सहन केलं. मग तिनं दोनशे पानी वही घेतली, सामसूम असलेल्या दुपारी स्वतः गेम खेळायला बसली, शेजारी डिक्शनरी ठेवली, आणि एकेका सोबत्याची माहिती मराठीत लिहून काढली. लिहिताना तिला सोयरीक जमवणाऱ्या लोकांची पद्धत आठवली असावी. वहीत असं होतं: *स्थळ: लोहारीण. स्वभाव तापट, मन स्वच्छ. खरं बोलणारा आवडतो. भावाचा विषय काढू नये.* किंवा: *स्थळ: वैदूची मुलगी. कमी बोलते. जखमी माणसाला मागं टाकून गेलात तर संपलं.* वही कुणी पळवू नये म्हणून तिनं ती सुतळीनं आपल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवली. पोरं हातात पाणीपुरीची प्लेट घेऊन ती वही वाचत उभी राहायची.

मग एक रीतच पडली. ज्याचं लग्न गेममध्ये जमलं, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. आणि चहा येईस्तोवर सत्यशीलानं उभं राहून, वहीत बघून, पत्रिका वाचल्यासारखं सांगायचं, की तीन नंबरवरचे भुजंगराव आणि लोहारीणबाई यांचं जमलं आहे, मंडळींनी हजर असावं. भुजंगनं तर त्या दिवशी पेढेही आणले होते. "घरी बायकोला सांगू नका ताई," म्हणाला, "ती म्हनंल माझ्या वेळंला तर गूळ वाटला."

दुसरी रीत लाइटीची. दुपारी तीनला वीज जायची ती सहाला यायची. इन्व्हर्टरवर एक पंखा आणि सत्यशीलाचा स्वतःचा कॉम्प्युटर एवढंच तग धरायचं. म्हणून तीनला पाच मिनिटं कमी असताना ती टेबलावरची पितळी घंटी वाजवायची आणि "सेव्ह करा!" म्हणत टेबलांच्या दोन्ही ओळींच्या मधून चालायची. चालताना डावीकडं-उजवीकडं बघायची. ज्यानं सेव्ह केलं नाही त्याचा दिवसभराचा खेळ काळोखात जायचा.

या चालण्यातच तिला देवानंद दिसला.

देवानंद बियाण्याच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. बी उगवतं किती, त्यात दुसरं काही मिसळलंय का, हे तपासायचं त्याचं काम. वय सव्वीस. भोकरदनकडचा, घरची शेती, घरात त्याच्यासाठी मुली बघणं चाललेलं. कोपऱ्यातल्या सहा नंबरवर बसायचा, वही नीट वाचायचा, कधी हाक मारायचा नाही. त्या रविवारी घंटी वाजली, सगळ्यांचे हात की-बोर्डवर गेले, आणि देवानंदनं मात्र हात उचलून मांडीवर ठेवले. पडद्यावर एक शेकोटी पेटलेली होती. तिच्याजवळ दोघंजण बसलेले. पाच मिनिटं तो ते बघत राहिला. मग वीज गेली.

पुढच्या रविवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी सत्यशीला त्याच्या मागं जरा जास्त थांबली. शेकोटीजवळ देवानंदचा गडी होता आणि त्याला टेकून डोंगरातला तिरंदाज. खाली इंग्रजीत तिरंदाजाचं वाक्य होतं. ते वाक्य तिला पाठ होतं. *सगळ्या तळावर तुझ्याच राहुटीत मला उजेड दिसतो. मी इथं थांबलो तर चालेल?*

ते तिनंच कधीतरी मराठीत केलं होतं, डिक्शनरीत एकेक शब्द बघून. करून झाल्यावर तिला वाटलं, आपलं इंग्रजी चुकतंय. तिरंदाज पुरुष, आपण घेतलेला गडी पुरुष. पुन्हा खेळून बघितलं, पुन्हा तेच. मग वाटलं, सीडीच कॉपी केलेली, त्यात काही बिघाड असणार. तिनं पट्टी लावून ते सगळं स्थळ एका सरळ रेघेत खोडलं, आणि हात जसा लहानपणापासून शिकला होता तसा चालला. समासात तिनं एक शब्द लिहिला. भेसळ.

वीज गेली. बाकीचे जिना उतरून पांगले. देवानंद उठायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बस जरा. तू सेव्ह का करत न्हाईस?"

"लाइट तर जातीच की ताई."

"म्हणून तर सेव्ह करायचं असतं."

तो हसला. "सेव्ह केलं तर यादीत नाव येतं. नावाशेजारी फोटो येतो. संध्याकाळी या मशीनवर धर्मराज बसतो, त्यानं बघितलं तर मंग मला हितं येता यायचं न्हाई. घरी न्हाई, लॅबमंदी न्हाई, हितं तरी बसतो ना. दर रविवारी पहिल्यापासून खेळतो, जमलं की अर्धा तास बसतो त्यांच्याजवळ. मंग लाइट जाती. बराबर हाय ते."

खिडकीतून रस्त्यावरचा उजेड येत होता. सुतळीला बांधलेली वही दोघांच्या मधे होती.

"वहीतलं खोडलेलं वाचलंस तू," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"रेघेखालचं दिसतं ना ताई. त्याच्यावरनंच तर मला समजलं काय उत्तर द्यायचं ते." वहीकडं बघत तो म्हणाला, "फक्त बाजूला लिहिलंय ते बराबर न्हाई."

"काय?"

"भेसळ म्हंजे बाहेरून आलेलं बी. आम्ही रोज तपासतो. दुसऱ्याच्या शेतातलं, वाऱ्यानं, माशीनं आणलेलं. हे तसं न्हाई. हे त्याच पाकिटातलं हाय. ज्यानं गेम बनवला त्यानंच हे बोलणं लिहिलं, कुनाला तरी बसवून आवाज दिला, शेकोटी काढली. येवढा खर्चा कुनी चुकून करंल का?"

एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

सत्यशीला सहा वाजेपर्यंत हलली नाही. चूक झाली तर ती कबूल करायला तिला कधी जड गेलं नव्हतं. बॅचमधल्या मुलींसमोरही ती सरळ "माझं चुकलं" म्हणायची. पण ही चूक महिनाभर एक माणूस दर रविवारी येऊन वाचत होता, आणि वाचून तिच्याच ओळीत मुकाट बसत होता. दुसऱ्या बाजूला सकाळची बॅच होती. जिन्याखाली चार बापे उभे राहून काही बोलले, तर मुलींचं येणं बंद व्हायला किती दिवस लागतात, हेही तिला ठाऊक होतं.

रात्रीच्या भाकरी थापताना आईला तिनं विचारलं, "आई, प्लॉटवर चुकून चांगलंच झाड उपटलं गेलं, तर काय करायच्या गं तुम्ही?"

"मुकादमानं बघायच्या आत परत लावायचं," बेबीनंदा म्हणाली. "माती दाबायची, तांब्याभर पाणी घालायचं."

"लागायचं?"

"लागलं तर लागलं. उन्हात टाकून तर देता न्हाई येत."

पुढच्या रविवारी वहीत एक नवं पान चिकटवलेलं होतं. बाकीच्या पानांसारखीच निळी शाई, बाकीच्यांसारखीच मांडणी. *स्थळ: तिरंदाज. गाव डोंगरापलीकडं. स्वभाव सावध, एकदा विश्वास बसला की पक्का. गडी असो की बाई, दोघांशीही जमतं. थट्टा केलेली सहन होत नाही.* खोडलेलं जुनं पान तिनं फाडलं नाही. समासातला शब्द मात्र खोडून त्याखाली लिहिलं, *माझी चूक. स.*

पहिल्यांदा वाचलं भुजंगनं.

"आँ? गडी गड्याला?" तो मोठ्यानं म्हणाला. सगळे वळले. सहा नंबरवर देवानंदची मान खाली गेली. "ताई, प्लॉटवर मादीची ओळ सोडून नर ओळीशेजारी नर ओळ लावल्यावर बोंड कुठून धरंल?"

हशा पिकला. सत्यशीला तो ओसरेपर्यंत थांबली.

"भुजंग, तुझ्या लोहारणीला दोन वर्षं झाली. किती बोंडं धरली?"

या वेळी हशा जास्त मोठा होता. भुजंगही हसला, मान खाजवत म्हणाला, "ती सारखी लढाईवर असती ना ताई."

"मंग या स्थळालाबी बोंडाचं विचारायचं न्हाई. माझ्या वहीत जे स्थळ लिहिलंय ते खेळात हाय म्हणून लिहिलंय. ज्याला पटत न्हाई त्यानं लोहारणीकडं जावं."

पुन्हा आपापल्या पडद्यांकडे माना वळल्या. तीनला पाच कमी असताना तिनं घंटी वाजवली आणि दोन ओळींच्या मधून चालायला लागली. सहा नंबरशी आल्यावर ती थांबली नाही, मागं वळूनही बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर त्यानं सेव्ह केलं ते तिच्यासाठी केल्यासारखं झालं असतं. खिडकीपाशी जाऊन ती खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा बघत उभी राहिली.

मागून आवाज आला.

"ताई." देवानंद म्हणाला. "चहा सांगायचा हाय. सगळ्यांना."

सत्यशीलानं वही उचलली, सुतळी पुरेल तेवढी वर ओढली, आणि नेहमीच्या आवाजात, कमी नाही की जास्त नाही, वाचलं, "सहा नंबरवरचे देवानंदराव आणि डोंगरापलीकडचे तिरंदाज यांचं जमलं आहे. मंडळींनी हजर असावं."

खालून चहा आला तोवर वीज गेली होती. त्या दिवशी लवकर आलेल्या धर्मराजनं "मला पित्त होतं" म्हणून कप घेतला नाही आणि तो निघून गेला. नंतर तो कधी आलाच नाही. आणखी एका पोरानं कपाला हात लावला नाही, तो तसाच थंड झाला. भुजंगनं आपला कप हातात घेतला, एक घोट घेतला, देवानंदकडं बघितलं.

"साखर कमी हाय," तो म्हणाला. "लग्नाचा चहा हाय, देवा. पुढच्या टायमाला सांगून आण." आणि त्यानं तो थंड झालेला कपही उचलून संपवला.

सहाला वीज आली तेव्हा वर कुणी नव्हतं. देवानंद गावी जाणाऱ्या बसला गेला होता. घरी एका मुलीकडच्या मंडळींना नाही म्हणून सांगायचं आहे, एवढंच तो जिन्यात म्हणाला होता. सत्यशीलानं सहा नंबरचं बटण दाबलं. मशीन जुनं, सुरू व्हायला वेळ लावायचं. ती खुर्ची ओढून समोर बसली. यादी उघडली. धर्मराजची चार नावं होती आणि सगळ्यांत वर एक नवं. दुपारी दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं. शेजारी बोटाच्या पेराएवढा फोटो, त्यात शेकोटी, आणि पूर्ण लिहिलेलं नाव, देवानंद.

तिनं कोरी सीडी काढली आणि, यादीतून कुणी पुसलं तरी राहावं म्हणून, ते नाव तिच्यावर उतरवून घेतलं.