ताटातल्या तांदळावरचं नाव

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुपारची जरा आडवी झाले होते. भाचा म्हणाला, "आत्या, आई गेली." मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पुन्हा आडवी झाले. वेडीच मी. अर्धवट झोपेत ती मला बोरीवलीच्या गच्चीत केस वाळवताना दिसली, डोंगराकडून धुरकट ऊन येत होतं... तीन आठवडे झाले, तरी ती पुरती गेलीय असं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात वहिनी एका सरकारी कार्यालयात इंग्रजी पत्रव्यवहार बघायची. दूरच्या समुद्रावर एका विमानात बॉम्ब फुटला होता आणि त्या तपासाची दोन सरकारांमधली पत्रं तिच्या टेबलावरून जात. एका पत्रात तिकडच्यांनी विचारलं होतं : सापडलेल्या बॅगेत सुमन नावाच्या मुलीचा शाळेचा दाखला आहे, पण प्रवाशांच्या यादीत सुमन नाही. मग बॅग चढवून ही बाई गेली कुठे? वहिनीचे साहेब उत्तरेकडचे, आपल्याकडच्या चालीरीती ठाऊक नसलेले; त्यांनाही संशय आला. वहिनीने यादी चाळली. एक विद्या होती, नवऱ्यासोबत निघालेली. "लग्नात नाव बदललं असणार गं," ती मला म्हणाली. पण पुरावा हवा होता.

दाखल्यावर पत्ता मुलुंडचा. सोबत म्हणून मी गेले, निदान मला तसं आठवतं. सुमनची आई गिरणी कामगाराची विधवा, मालवणकडची. पोलीस आधीच येऊन मुलगी कुठे लपवलीय म्हणून विचारून गेले होते, आणि तेव्हापासून त्या दार सताड उघडं ठेवून बसत. "विद्या गेली, ता माका कळला," त्या म्हणाल्या. "पन सुमन खंय आसा, असा पोलीसच इचारतत. म्हणजे जिती आसतली मा?" वहिनीने लग्नाचा फोटो मागितला. नाही म्हणाल्या. आम्ही चहा पिऊन परत आलो. "फोटो आहे त्यांच्याकडे," वहिनी म्हणाली. "मी तरी दिला असता का, सांग ना."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, आणि या वेळी स्पष्ट बोलली. "आई, सुमन जिवंत राहिली तर बॉम्ब ठेवणारी म्हणूनच राहील." बाई उठल्या. त्यांनी ट्रंक उघडली. फोटोत ताटभर तांदूळ पसरलेले, नवऱ्याने अंगठीने त्यात विद्या लिहिलेलं, आणि शेजारी सुमन खाली मान घालून हसत होती. "घेवन जावा," लेकीचा फोटो पुढे करत त्या म्हणाल्या, "माझ्या चेडवाक कोणी खोटारडा म्हणूक नको." आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

काही महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. दोन्ही नावं एकाच प्रवाशाची, संशय संपला. ऑफिसात वहिनीचं कौतुक झालं. घरी येऊन ती चपला न काढताच बसली. "माधवी, मी त्या बाईची मुलगी दुसऱ्यांदा मारली गं." मी म्हटलं, तू तिचं नाव वाचवलंस. मला वाटतं, ते ओझं तिने शेवटपर्यंत उतरवलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, अंगठी तयार, सासूबाईंनी माझं नवं नाव ठरवलेलं, मला ते आवडलंही होतं. वहिनी पुढे आली आणि तिने ताटच उचललं. "हिला एकच नाव असू द्या हो," ती सासूबाईंना हळूच म्हणाली. मांडवात कुजबुज झाली. मी तिच्यावर कितीतरी दिवस रुसून होते. आता कळतं, तिला एवढंच हवं होतं... मी कुठे हरवले, तर माझ्या आईला एका नावासाठी रडून दुसऱ्या नावाची वाट बघायला लागू नये.