खांदेमळणीच्या दिवशीचं तेल

अभिषेक हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. आमचे पाळकसाहेब शिकवायचे, की ख्रिस्त म्हणजेच अभिषिक्त, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला त्या अभिषेकात वाटा असतो. परीक्षेच्या उत्तरासारखं ते मला पाठ होतं. राजाच्या डोक्यावर तेल ओततात, याजकाच्या डोक्यावर ओततात. पण त्यात आपण कुठं बसतो, हे मला कधी उमगलं नव्हतं. बी.ए. झालो त्या वर्षी बीडला एका संजीवन सभेला, म्हणजे विश्वास पुन्हा जागा करायच्या मोठ्या प्रार्थनासभेला, गेलो. बाहेरगावचे एक उपदेशक मंडपात एकेकाच्या कपाळाला तेल लावत होते. कुणी रडत होतं, कुणी थरथरत खाली बसत होतं. त्यांनी माझ्याही कपाळाला बोट टेकवलं आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. मला काहीच झालं नाही. भुवईवर ओघळलेलं तेल रुमालानं पुसलं आणि एसटीत बसून गावी परतलो. यात कुणाचा दोष होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनानं घेतलं, की देवानं ज्यांना निवडलंय त्यांत आपण नाही.

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, मुरमाड माळाला लागून. ख्रिस्ती घरं मोजकीच. दुष्काळ पडला तसं एकेक घर कुलूप लावून निघून गेलं. काहीजण ऊसतोडीला गेले होते, ते परतताना गावात पाणी नाही म्हणून परस्पर पुण्याकडे बांधकामावर गेले. पत्र्याच्या एका खोलीत आमची उपासना व्हायची, तिची किल्ली आमच्या घरी आली. रविवारी मी ती खोली उघडायचो, झाडायचो, आणि एकटाच एखादं गीत म्हणून परत कुलूप लावायचो. एकट्यानं म्हटलेल्या गीताचा आवाज पत्र्यावर आदळून आपल्याकडेच परत येतो. तो ऐकवत नसे, म्हणून पुढं पुढं मी मनातच म्हणू लागलो. नंतर तेही राहिलं.

घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, असे दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली. अप्पांनी सारा जन्म सोसायटीच्या गोदामात हमाली केली. खताची, सरकीची, ज्वारीची पोती त्यांनी उजव्या खांद्यावरून वाहिली आणि त्याच खांद्यावर माझं कॉलेज पार पडलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. त्या पदवीच्या जोरावर बरीच वर्षं काही मिळालं नाही. शेवटी दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली, तेव्हा चारावाटपाचं काम मिळालं. सकाळी जायचो, उन्हं कलल्यावर यायचो. तेवढ्या वेळात शेजारचं कुणीतरी अप्पांना पाणी पाजून जायचं. गोदामाची धूळ त्यांच्या छातीत साठली होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की आता घरीच सेवा करा.

अप्पांनी मला कधी काही मागितलं नव्हतं. त्या श्रावणात त्यांनी एकच मागितलं. दम लागत होता, तरी उठून भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "पाळकसायेबाला सांगावा धाड. तेल लावून, प्रार्थना करून घ्यायची हाय. तेवढं झालं की माझं मी बगतो."

आजाऱ्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करायची आमच्यात रीत आहे. मी फोन केला. पाळकसाहेब बीडहून गेवराईपर्यंतच्या सगळ्या लहान ख्रिस्ती मंडळ्या एकटे सांभाळायचे. नेमके ते मोटारसायकलवरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते. मी अडचण सांगितली, तर म्हणाले, "अरे मग तूच लाव. घरातलं तेल घे, नाव प्रभूचं घे."

"मला तसा अधिकार नाही, साहेब."

"बाप्तिस्मा झालाय ना तुझा? मीच दिलाय, मला विचारतोस काय अधिकाराचं."

त्यांनी ते हसत सांगितलं, पण माझं मन तयार होईना. ज्याच्या स्वतःच्या कपाळावरचं तेल वाया गेलं, त्यानं मरणाच्या दारातल्या माणसाला काय लावायचं? पाळकसाहेबांचा निरोप मी अप्पांना जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, "मग लाव की." मी म्हणालो, "अप्पा, माझ्याच्यानं होणार नाही. नुसतं तेल लागेल." ते भिंतीकडे कूस करून पडले. त्यानंतर रोज मी छावणीतून आलो की ते आधी माझ्या हातांकडे बघायचे आणि मग डोळे मिटायचे. ते बघणं मला सोसत नव्हतं. त्यांचा श्वास दिवसेंदिवस आखूड होत होता. हे मागणं अर्धवट ठेवून अप्पा गेले तर आपण कसं जगायचं, हा विचार दिवसभर चाऱ्याच्या पेंढ्या उचलताना सोबत असायचा. प्रार्थना करायला बसलो की शब्दच सुचत नसत.

पोळा आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदेमळणी करतात. जू बसून बसून बैलाचा खांदा जिथं घट्टा पडून टणक झालेला असतो, तिथं हळद आणि तेल किंवा लोणी चोळायचं, आणि उद्या जेवायला या म्हणून बैलाला आवतण द्यायचं. आम्ही ख्रिस्ती, आमच्याकडे ना शेत ना बैल, म्हणून मी ते कायम लांबूनच पाहिलेलं. त्या वर्षी छावणीत कुणाला सणाचा उत्साह नव्हता. तरी दुपार कलल्यावर ज्याच्या त्याच्या हातात वाटी दिसू लागली.

मी चारा वाटून निघालो होतो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हाक मारली. लिंबागणेशकडचे होते, सगळे त्यांना तात्या म्हणायचे. चारा घेताना मान हलवण्यापलीकडे आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. कडबा तोडताना त्यांचा उजवा हात चिरला होता आणि मनगटापर्यंत पट्टी होती.

"ओ सायेब, जरा हिकडं या. माझा हात हा असा झालाय. डाव्या हातानं मळावं तर ह्याला पटंना. तुमी मळा."

मी गडबडलो. "तात्या, मी ख्रिस्ती आहे. मला तुमची पद्धत माहीत नाही."

"बैलाला कुटं ठावं हाय तुमी कोन ते? मंतर न्हाई का तंतर न्हाई. चोळायचं फकस्त."

शेजारच्या दावणीवरचा एकजण म्हणाला, "मळा सायेब, बैलाचं झालं की आमचीबी पाठ हाय." दोघंतिघं हसले. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी म्हणालो, "पण तात्या, औंदा तर याच्या खांद्याला जू लागलंच नाही. पेरणीच कुठं झाली?"

तात्यांनी माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "आन मागं औत वडलं ते? औंदा पानी न्हाई, त्यात त्याचा काय कसूर? आपन इसरायचं व्हय त्याला?"

मी वाटीत बोटं बुडवली. त्या बैलाच्या खांद्यावर तळव्याएवढी जागा केस झडून टायरसारखी कडक झाली होती. सुरुवातीला बिचकत चोळलं. मग हात आपोआप चालायला लागला. बैलानं हळूच मान खाली घातली, एक लांब श्वास सोडला आणि अंगाचा भार माझ्याकडे झुकवला. तो थोराड जीव माझ्या हाताखाली असा सैल झाला, की मला एकदम रडू आलं. कारण तेव्हा सांगता आलं नसतं. इतकंच जाणवलं, की तेल मोठेपणा द्यायला आलेलं नाही. जिथं ओझं बसलं, तिथं ते आलंय. आणि चोळणारा कोण आहे, त्याला काही झालं की नाही, याचा हिशेब त्या तेलानं मांडला नव्हता.

छावणीतलं टँकरचं पाणी फक्त जनावरांना होतं. हात धुवायला मागायची लाज वाटली. पालथ्या मनगटानं डोळे पुसले आणि तसाच हळद-तेलाच्या हातांनी माळ उतरून घरी आलो.

अप्पांनी नेहमीसारखं माझ्या हातांकडे पाहिलं. या वेळी डोळे मिटले नाहीत.

"काय लागलंय रे?"

"तेल आहे, अप्पा. एका तात्यांच्या बैलाची खांदेमळणी केली."

ते हसले. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत मी त्यांना धरून बसलो. मग म्हणाले, "बैलाची केली, मंग हमालाची कर की."

मी करडईच्या तेलाची वाटी घेतली आणि त्यांची बंडी काढली. पाळकसाहेब कपाळाला लावतात, म्हणून आधी कपाळाला लावलं. मग हात उजव्या खांद्यावर गेला. हमाली सुटून कितीतरी वर्षं झाली होती, तरी तिथली कातडी मऊ झाली नव्हती. त्या खांद्याला मी जाणतेपणी कधी हात लावला नव्हता. चोळता चोळता मी प्रार्थना केली. फार शब्द नव्हते. "प्रभू, हे माझे अप्पा. यांनी लई वाहिलं. आता तू घे." एवढंच म्हणालो. खोलीत काही चमकलं नाही. अप्पांचा दमही कमी झाला नाही. पण त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा कामावरून घरी आलेल्या माणसासारखा दिसत होता.

"आवतण मिळालं म्हनायचं," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी आपल्याच खांद्यावरचं तेल बोटांनी निपटून घेतलं, हात वर केला आणि माझ्या कपाळाला, डोक्याला पुसला. "तुलाबी लागंल. फुडं एकट्याला वडायचंय."

मी ते पुसलं नाही.

अप्पा पोळ्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. झोपेतच गेले. मंडळीतलं कुणी गावात नव्हतं, शेजारी उरली होती ती म्हातारी माणसं, आणि पुण्याहून यायला वेळ लागणार होता. दफनाला माणसं कुठून आणायची, या काळजीत मी दारात बसलो होतो. तेव्हा छावणीतली माणसं माळ उतरून आली. चारा वाटताना ज्यांची नावंही मी नीट विचारली नव्हती, त्यांनी खड्डा खणला आणि अप्पांना उचललं. तात्यांनी डाव्या हातानं माती लोटली. पाळकसाहेबांनी फोनवरून बायबलमधलं वचन वाचलं, प्रार्थना केली, आणि सगळ्यांनी टोप्या काढून ती ऐकली.

एकटेपणा गेला, असं मी लिहिणार नाही. पुढचे कितीतरी महिने घरात दुसरा आवाज नव्हता. पण देवानं मला निवडलं की नाही, हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. मला वाटायचं, अभिषेक झाला की माणसाला आतून काहीतरी भरून आल्यासारखं होत असेल. मी तर त्या दिवशी रिकामाच होतो. माझ्या हाताला लागून घरी आलं ते तेलही दुसऱ्याच्या वाटीतलं होतं, आणि प्रभूनं तेच हात चालवून घेतले. त्याच्या हाती स्वतःला द्यायला आधी आपल्याजवळ काही असावं लागत नाही, हे मला अप्पांनी जाता जाता दाखवलं. त्यासाठी त्या दोघांचे, प्रभूचे आणि अप्पांचे, उपकार मानतो.

दफनानंतरच्या रविवारी मी पत्र्याची खोली उघडली, झाडली आणि बसलो. पहिलं कडवं मोठ्यानं म्हटलं. आवाज फाटला. मग दुसरं म्हटलं.