आधी शेवट विचारणाऱ्या अक्का

“ताई, शेवटले पोर वाचस ना?”

पुस्तक हातात घेण्याआधी अक्का हे विचारायच्याच. शेवटी मुलगी जगते ना, एवढंच त्यांना हवं असायचं. मी ‘हो’ म्हटलं की पुस्तक पिशवीत जायचं. ‘नाही’ म्हटलं तरी जायचं, पण मग त्या जरा खुर्चीवर टेकायच्या, पदराने तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, “मंग आज नही वाचाव. सकाय वाचसू.” आजचा दिवस जाऊ दे, उद्या वाचीन.

अमळनेरच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, तिथे त्या दुपारी यायच्या. जवळच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. दुपारी नवरा गिरणीवर बसला की त्या मोकळ्या. कपाळावरच्या केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. आधी अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायच्या, मगच पायरी चढायच्या. तरीही त्यांच्याकडून परत आलेल्या पुस्तकाला ज्वारीच्या पिठाचा वास यायचाच. पुढच्या वाचकाने नाक मुरडलं की मी म्हणायचे, “घ्या हो, ताजं दळण आहे.”

आपण सगळेच वाचनालयातली माणसं ओळखून असतो. कोण फक्त रहस्यकथा नेतो, कोण वर्तमानपत्रातलं कोडं भरून ठेवतो, कोण झोपायलाच येतो. अक्कांचं कपाट कुमारांचं होतं. चौदा-पंधरा-सोळाच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. साठीला टेकलेली, सातवी शिकलेली बाई त्या एका कपाटापुढे उभी राहते आणि बाकीच्या कपाटांकडे ढुंकून पाहत नाही, याचं मला सुरुवातीला हसू यायचं. एकदा मी एक चांगली संसारी कादंबरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, त्यातली बाई आपल्याच वयाची आहे हे पाहून पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं. “हाई बाई मन्हाच वयनी शे. हिना मनमा काय ऱ्हास, ते माले ठाऊक शे.”

त्याच सुमारास आम्ही मुलांसाठी रविवारचं वाचक मंडळ सुरू केलं. प्रत्येकाला एक वही दिली. पुस्तकाचं नाव, सुरू केलं कधी, संपलं कधी, आणि खाली ‘मला काय वाटलं’. पुढच्या रविवारी अक्का दारात उभ्या. त्यांनाही वही हवी होती. मुलं हसली, मीही हसले, पण वही दिली. तेव्हापासून त्या मंडळाच्या सगळ्यात वडीलधाऱ्या कुमार झाल्या.

पुस्तकांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. मग त्या नावाच्या रकान्यात मुलीचीच ओळख लिहायच्या. ‘धरणात गाव गेलं ती पोर.’ ‘केस कापले ती.’ ‘मुकी, पण मुकी नाही ती.’ मला कपाटापुढे उभं राहून ओळखावं लागायचं की ही कोणती. आणि ‘मला काय वाटलं’ इथे त्या नायिकेबद्दल क्वचितच लिहायच्या. त्यांचा सगळा रोख आईवर. ‘आईने जेवणावरून बोलायला नको होतं.’ ‘आईला दिसत होतं. आईने विचारलं नाही.’ एका ठिकाणी नुसतं, ‘दार लावलं. चूक.’

शेवट मोकळा सोडणाऱ्या लेखकांवर त्यांचा भारी राग. मुलगी गाडीत बसते, गाडी हलते, कादंबरी संपते, असं पुस्तक परत करताना त्यांनी ते टेबलावर आपटलंच.

“आनी गई कोठे ती?”

“ते वाचकावर सोडलंय, अक्का.”

“लेखकलेच माहीत नही, मंग लिखं काबर?”

मुलं खो खो हसली. अक्का हसल्या नाहीत. त्यांचे डोळे इतके कोरडे होते की माझं हसू अर्ध्यावर थांबलं.

मला कारण कळलं ते उन्हाळ्यात. वीज गेली होती, पंखे बंद, वाचनालयात आम्ही दोघीच. मी वर्तमानपत्राने वारा घेत सहज विचारलं, “अक्का, तुम्ही वहीत एवढं नीट लिहून ठेवता, ते कशासाठी?”

“दोनदा येक पुस्तक नको जावाले म्हनीसन.”

मग कपाटाकडे पाहत त्या सांगू लागल्या. त्यांना एक मुलगी होती. अकरावीत होती. सकाळी क्लासला म्हणून निघाली ती परत आलीच नाही. पोलिसात सांगून झालं, जळगाव पाहिलं, धुळं पाहिलं, सुरतेला नातेवाईक होते तिथे पाहिलं. कोणाबरोबर गेली असावी म्हणावं, तर तसंही कोणी सापडलं नाही. काही वर्षांनी नवऱ्याने तिचं नाव घेणं बंद केलं, मग मुलाने, मग गल्लीने. ती आमच्याच वाचनालयातून पुस्तकं न्यायची, ह्याच कपाटातून. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी.

“कोणती न्यायची?” मी विचारलं.

“ते मी कधी पाह्यंच नही,” अक्का म्हणाल्या. “ती वाचत बसे आनी मी तिले भांडा घासाले लावू. म्हनीसन आते बठ्ठाच वाचस.”

कोणतं पुस्तक तिने वाचलं होतं हे माहीत नाही, म्हणून ही बाई अख्खं कपाट वाचत होती.

“या वयन्या पोरी घरमा बोलतस नहीत, ताई. आठे बोलतस,” त्या पुस्तकांकडे हात करून म्हणाल्या.

त्या दिवसानंतर त्या कपाटापाशी एकटीने जायला मला जड वाटू लागलं. पुस्तक काढताना वाटायचं, हे पान तिने उलटलं असेल. एखाद्या जुन्या प्रतीत वाक्याखाली पेन्सिलची रेघ दिसली की मी ते पुस्तक अक्कांना देताना दचकायचे. त्या रेघेवर त्यांचं बोट थांबायचं. “तिनीच व्हई,” तिचीच असेल, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. “नही” असंही कधी म्हणाल्या नाहीत.

मंडळात मयुरी नावाची मुलगी होती. तीही अकरावीची, हुशार, तिखट जिभेची. एका रविवारी आम्ही धावपटू होण्यासाठी घर सोडणाऱ्या मुलीच्या कादंबरीवर बोलत होतो. मुलांनी नायिकेचं कौतुक केलं. अक्का म्हणाल्या, “मायनं काय व्हयनं, ते कोनी लिखं नही.”

मयुरी उसळली. “अक्का, तुम्हाला प्रत्येक पुस्तकात आईच कशी दिसते? त्या मुलीला त्या घरात श्वास घ्यायला जागा नव्हती, ते नाही दिसलं?”

अक्कांनी वही मिटली. पण जाताना त्यांनी तेच पुस्तक पुन्हा मागून नेलं. एक पुस्तक दोनदा जाऊ नये म्हणून वही ठेवणाऱ्या बाईने ते मुद्दाम दुसऱ्यांदा वाचलं. पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडून स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं. वहीतलं लिहिणं त्या शाळेत शिकलेल्या मराठीत करायच्या. ‘मी आधी चुकीचं लिहिलं. तिला जायचंच होतं. आईला राग आला म्हणून तिचं जाणं वाईट होत नाही. पण तिने कळवायला पाहिजे होतं.’ वाचताना त्यांचा आवाज शाळकरी मुलीसारखा सपाट होता. मयुरीने मान खाली घातली.

पुढे काही महिन्यांनी, भर दुपारी, मयुरी पुस्तकं परत करायला आली. तिने सगळी पुस्तकं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “माझं नाव कमी करून टाका.” पाठीवर सॅक फुगलेली. अक्का कोपऱ्यात वाचत होत्या. त्यांनी पुस्तक मिटलं.

“कोठे जास?”

“कुठे नाही. घरी.”

“घर जावाले इतला सामान?”

मयुरी तरातरा निघाली. अक्का तिच्या मागे. मी शिपायाला टेबल सांभाळायला सांगितलं आणि अक्कांच्या मागे. अशा तिघी स्टेशनवर पोचलो. फलाटावरच्या बाकावर मयुरी बसली आणि एकदम रडू लागली. घरात तिचं लग्न ठरवत होते. परीक्षा झाली की साखरपुडा. बापापुढे बोलायची सोय नव्हती, आईने ऐकून घेतलं नाही. ती वरणगावला मावशीकडे निघाली होती. मावशीलाही माहीत नव्हतं.

मला वाटलं, आता अक्का तिला हाताला धरून घरी नेतील. त्या तिच्या शेजारी बसल्या. पदराच्या टोकाने तिचा चेहरा पुसला, तर तिच्या गालाला पीठ लागलं.

“मी तुले आडवत नही,” त्या म्हणाल्या. “जाय. पन कोनलेतरी सांगीसन जाय.”

“सांगितलं तर येऊन घेऊन जातील.”

“येतीन. भांडतीन. मावशीना घरमा भांडतीन. पन तू कोठे शे, ते तं मायले समजी.”

मी माझ्या फोनवरून तिच्या मावशीला फोन लावून दिला. मावशी आधी घाबरली, मग म्हणाली, “पाठवा तिला. मी भुसावळला स्टेशनवर येते.” गाडी आली. अक्कांनी मयुरीला बायकांच्या डब्यात बसवलं, शेजारच्या बाईला सांगितलं, आणि खिडकीपाशी उभ्या राहून तीन-चारदा तेच बजावलं, “पोहचनी की फोन करजो.” गाडी निघाली तशा त्या दोन पावलं गाडीबरोबर चालल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या क्षणी त्या कोणत्या मुलीशी बोलत होत्या, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

फलाटावरून बाहेर आल्यावर मी घरी जायच्या बेतात होते. अक्का म्हणाल्या, “आते तिना घर जाव.”

मयुरीच्या घरी तिची आई दारातच होती. अक्का म्हणाल्या, “तुन्ही पोर वरणगावले निंघनी. मावशीकडे. जित्ती शे, खुशाल शे.” त्या बाईने आधी कपाळावर हात मारला, मग शिव्या सुरू केल्या. “तू कोन आमना घरमा पडनारी? तुले पोर नही का?” शेजारी जमा झाले. मी अक्कांचा दंड धरून मागे ओढत होते. त्या हलल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी अगदी हळू म्हणाल्या, “माय, माले हाई सांगाले कोनी ऊनं नही.”

अक्कांच्या दारी असं सांगायला कोणीच आलं नव्हतं, ही गोष्ट गल्लीतल्या एका म्हातारीला ठाऊक असावी. तिने मयुरीच्या आईच्या खांद्यावर हात ठेवला. ती बाई उंबऱ्यावरच खाली बसली आणि अक्का तिच्याजवळ बसल्या. वरणगावहून फोन येईपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. फोन वाजला तेव्हा अक्कांनी दोन्ही हातांनी उंबरा धरला होता.

मयुरीचा बाप वरणगावला जाऊन भांडला, मावशी त्याला पुरून उरली. साखरपुडा झाला नाही. मयुरीने बारावी तिकडेच केली. आता ती जळगावला नर्सिंग करते आणि सुट्टीत आईकडे येते.

नंतर अक्कांचे यजमान वारले. गिरणी विकली गेली. मुलगा सुरतेला कापडाच्या धंद्यात होता, तो त्यांना घेऊन गेला. जाण्याच्या आधी त्या वाचनालयात आल्या. कपाटातली खालच्या फळीवरची थोडी पुस्तकं वाचायची राहिली होती. त्यांनी त्यांवरून हात फिरवला, एकही नेलं नाही. मग मुलाचा सुरतेचा पत्ता मला माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवायला लावला.

“कोनी मन्हा पत्ता इचारं, तं दी देजो.”

कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलाचा फोन आला. अक्का गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं तो म्हणाला.

पत्ता अजून काचेखाली आहे. परवा दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. चाळिशीच्या आतबाहेरची, हातात प्रवासाची पिशवी. ती आत यावं की नाही अशी घुटमळत होती. मी खुर्चीवरून उठले, काच उचलायला हात घातला. ती म्हणाली, “बाई, धुळ्याची एसटी कुठून मिळते?” मी तिला रस्ता सांगितला. ती वळून निघाली, तेव्हा मी पायरीपर्यंत गेले आणि मागून विचारलं, “तुमचं माहेर कोणतं?” तिने शिरपूरकडच्या एका गावाचं नाव सांगितलं आणि माझ्याकडे नवलाने पाहिलं. मग उन्हात, डोक्यावर पदर ओढून, ती बसस्टँडच्या दिशेने चालत गेली. ती वळणाआड होईपर्यंत मी तिथेच उभी होते.