फिटरांची सामायिक वही

चार फिटर चहाला बसले की किस्से कापसासारखे फुगतात, कितीही दाबा! आमचा कंपू अमरावती-अकोल्याच्या जिनिंग कारखान्यांतला, साठ सालच्या आसपासचा. म्होरके सोनोने मिस्त्री. त्यांचे उस्ताद इंजिनाची सगळी विद्या डोक्यात घेऊन वारले आणि ऐन हंगामात कारखाना महिनाभर बंद पडला. आपल्या डोक्यातलं काही आपल्याबरोबर जाऊ द्यायचं नाही, असं मिस्त्रींनी तेव्हाच ठरवलं. बडनेऱ्याच्या एका हॉटेलात त्यांनी वही ठेवली. कोणत्याही कारखान्याच्या फिटरनं दुरुस्ती लिहावी, कोणीही वाचावी. नियम मात्र मिस्त्रींचे!

*

आमच्यातल्या गुलाबरावची पहिली नोंद: 'इंजिन बंद पडलं. म्या चालू केलं.'

मिस्त्री भडकले. "गुलाब्या, हे वही हाय का तुया पोवाडा? कसं चालू केलं ते लिव ना!"

*

एकाच व्हॉल्व्हला अकोल्याचे 'कोंबडा' म्हणत, आम्ही अमरावतीकर 'म्हातारी'. वहीत कोणतं नाव लिहायचं यावरून तीन रविवार भांडण! शेवटी कंपूतले वयस्क फिटर रहीमचाचा वैतागले. "अरे, पोराचं नाव काई बी ठेवा, पण घरोघरी येगयेगळं ठेवू नका!"

कोंबडा जिंकला. आम्ही दोन रविवार अकोलेकरांशी बोललो नाही.

*

चाचांचीच एक नोंद चुकली. लाजून त्यांनी पानच फाडून नेलं. मिस्त्री सायकल मारत त्यांच्या घरी हजर! "चाचा, तुमची चूक आमाले पायजे! नाही तं उद्या मी बी तेच करीन."

पान परत आलं. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारली आणि ते वहीत चिकटवलं.

*

मग मिस्त्रींना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. काकू रडायच्या, "आता कोनाले ओयखतबी नाहीत हो."

भर हंगामात त्यांच्याच कारखान्याचं इंजिन अडलं. दारात कापसाच्या बैलबंड्यांची रांग. गुलाबरावनं बडनेऱ्याहून वही आणली, याच बिघाडावर मिस्त्रींनी लिहिलेलं पान उघडलं, ओळीमागून ओळ तस्संच केलं आणि दुपारी इंजिन धडधडू लागलं! आमचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी वही घेऊन वलगावला मिस्त्रींच्या घरी गेलो. गुलाबरावनं आपली नोंद दाखवली. या वेळी चांगली पानभर होती. मिस्त्रींनी ती वाचली की नाही, कळेना. ते गुलाबरावच्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे बघत होते.

"काई नाही मिस्त्री, जरासं भाजलं," गुलाबराव म्हणाला.

मिस्त्रींनी डाव्या हातानं पानं मागं उलटली. स्वतःचं पान काढलं. खुणेनं पेन्सिल मागितली. लिहायला बराच वेळ लागला. पहिल्या ओळीच्या वर, वेड्यावाकड्या अक्षरांत:

'आधी थंड होऊ द्या.'