संकष्टीच्या दिवशी प्लेटलेट

सकाळी नऊला वारज्याहून स्कूटी काढली. आमच्या रक्तदाता गटाकडून माझ्यावर आलेलं काम एकच: संध्याकाळच्या आत सानिकासाठी प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) देणारा माणूस गाठायचा. सानिका सात वर्षांची, तिला रक्ताचा कॅन्सर. सरकारी रुग्णालयात तिची केमो चालू आहे आणि लागूही पडतेय, पण त्या केमोने प्लेटलेट पार खाली नेल्या. पहाटेपासून नाकातून रक्त येत होतं. डॉक्टर तिथे उत्तम आहेत. प्लेटलेट काढायचं मशीन मात्र नाही. दाता नातेवाइकांनी शोधायचा आणि दुसरीकडच्या रक्तपेढीत न्यायचा. याला आपल्याकडे मोफत उपचार म्हणतात.

विश्रांतवाडीतला पहिला दाता आयटीतला. दारातच म्हणाला, "सॉरी मॅडम, काल दाढ दुखत होती, पेनकिलर घेतली." तो बाद, कारण अशा गोळीनंतरच्या प्लेटलेट कामाच्या नसतात. वर म्हणाला, "आपण फोन केलात तेव्हाच गोळ्यांचं विचारलं असतंत, तर पेट्रोल वाचलं असतं." खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

मग नगर रस्त्याने वाघोली. टॉवरांच्या सावलीत चार गुंठे मेथी अजून तग धरून होती. त्या मेथीच्या कडेच्या घरात आमच्या यादीतले दुसरे दाते, तात्या, चपला घालूनच बसले होते.

"जेवलात ना?" मी विचारलं.

"संकष्टी हाय. चंद्र दिसल्याबिगर पाणीबी घेत नाय."

उपाशी माणसाचं रक्त रक्तपेढी घेत नाही. मी पाच जणांना फोन केले होते, कॅलेंडर एकदाही पाहिलं नव्हतं. आमच्या गटाच्या पत्रकात चार घोषणा आहेत, 'जेवून या' ही ओळ नाही.

"मोडाल का आजचा दिवस?"

"बारा वर्सं मोडला नाय, ताई."

आतून त्यांच्या बायको, काकू, ताट घेऊनच आल्या. भाकरी, मुगाची आमटी. "देव कुठं पळून चाललाय? लेकराच्या नाकातनं रगात वाहतंय, आन् तुमी चंद्राची वाट बघा."

तात्यांनी ताट पुढ्यात ओढलं. मग ताटाभोवती पाणी फिरवलं आणि घास घेतला.

"पुढची संकष्टी तू धर मग," ते काकूंना म्हणाले.

"धरते की. तुमच्यापरीस बरी धरीन."

तात्यांना स्कूटीवर मागे बसवून निघाले; खराडीच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला. रक्तपेढीतल्या बाईंनी फॉर्म भरताना विचारलं, "उपास वगैरे?"

"मोडला," तात्या म्हणाले. "तसं लिहून घ्या."

दीड तास हाताला मशीनची नळी लावून ते पडून होते. प्लेटलेटची पिवळसर पिशवी घेऊन आम्ही दोघं रुग्णालयात पोचलो आणि दिवेलागणीला ती सानिकाला चढली. एका कॉटवर दोन मुलं असलेल्या त्या वॉर्डात तात्या भिंतीला टेकून उभे राहिले. सिस्टरनी नाकातला भिजलेला बोळा काढून नवा ठेवला. थोड्या वेळाने पाहिला, तर तो पांढराच.

सानिकाने तात्यांना विचारलं, "तुम्ही कोणाचे आजोबा?"

"आज तुझाच," तात्या म्हणाले.

तात्यांना बसमध्ये बसवून वारज्याला परतले, तेव्हा पाठ मोडली होती आणि मी जोरजोरात गुणगुणत होते. ही मुलं बरी होतात. औषध आहे, डॉक्टर आहेत. त्यांना मारतं ते मधलं अंतर, आणि ते अंतर कुणीतरी मुद्दाम तसंच ठेवलंय. मशीनसाठी मी भांडणारच. पण आज ते अंतर आम्ही कापलं. सानिकाची उद्याची केमो उद्याच होणार आहे.