आत्याच्या कोटातले तीन पासपोर्ट

स्वित्झर्लंडमध्ये एका दुपारी मी तीन कोट फाडले. तिन्ही मी स्वतः शिवलेले होते.

शिंप्यानं आपल्या हातचा कोट फाडणं म्हणजे आचाऱ्यानं आपल्या हातची आमटी मोरीत ओतणं. पण सांगतो, मी पूर्ण शुद्धीवर होतो. (बायकोचं याबाबत वेगळं मत आहे.)

म्हैसूरला आमचं टेलरिंगचं दुकान तीन पिढ्यांचं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडणात दोन्ही! मुलगी बेंगळुरूला कंप्युटरात काम करते. तिनं आम्हा तिघांची, म्हणजे मी, बायको इंदू आणि माझी आत्या, पुण्याच्या एका ग्रुपबरोबर युरोपची टूर बुक केली. आत्या बहात्तर वर्षांची. अंगानं काडी, आवाजानं नगारा. दसऱ्याची गर्दी आटोपली, शेवटच्या गिऱ्हाइकाची पँट दिली आणि आम्ही निघालो.

निघताना मुलीनं गळ्यात अडकवायची एक छोटी पिशवी दिली. "अप्पा, पासपोर्ट यातच ठेवायचे हं. प्रॉमिस?"

"शिंप्याच्या घरात विकतची पिशवी?" मी उडालोच. "आजोबा ऐकतील तर फोटोतून खाली उतरतील!"

तिनं कपाळाला हात लावला. पिशवी मी कपाटात टाकली.

थंडीसाठी कोट हवेत म्हणून तिघांनाही मीच शिवले. एका बँडवाल्यानं ऑर्डर देऊन न नेलेलं कापडाचं एक थान दुकानात चार वर्षं पडून होतं. किरमिजी रंगावर मोहरीसारख्या पिवळ्या, वीतभर रुंद चौकड्या. कापड वाया घालवायचं नाही हा आमच्या घराण्याचा कुळाचार, आणि तो आम्ही देवापेक्षा कडक पाळतो. विमानतळावर आम्ही तिघं ओळीनं उभे राहिलो तर एका गृहस्थानं मला विचारलं, "तुमचा कार्यक्रम कुठं आहे?"

पहिला मुक्काम पॅरिस. हॉटेलात पोचल्या पोचल्या टूरवाल्या पोरीनं, केतकीनं, सगळ्यांना बजावलं, "इथं खिसेकापू फार आहेत, सांभाळा!" मी मनात हसलो. खिसा असेल तर कापतील ना! इंदू आंघोळीला गेली होती, आत्या डोळे मिटून जप करत होती. मी सुईदोरा काढला, आत्याच्या कोटाचं पाठीचं अस्तर उसवलं, अस्तर आणि बक्रम, म्हणजे आतलं कडक कापड, यांच्यामध्ये तिन्ही पासपोर्ट सरकवले आणि हातशिलाईनं असं बंद केलं की माझं मलाही सापडू नये. आत्याचाच कोट का? तर कसलाही चोर असो, आमच्या आत्याच्या पाठीला हात लावायला त्याला सात जन्म घ्यावे लागतील.

आणि हे मी कुणालाही सांगितलं नाही. इंदूनं विचारलं तेव्हा फक्त म्हणालो, "पासपोर्ट सुरक्षित आहेत. तू काळजी करू नकोस." माणसानं बायकोला हे वाक्य कधी म्हणू नये. पण ते नंतर कळतं.

आठ दिवस सुखात गेले; हॉटेलांत केतकीकडच्या पासपोर्टच्या झेरॉक्सवर भागलं. शेवटचा मुक्काम लुझर्न. भोवती बर्फाचे डोंगर, मध्ये निळंशार तळं, त्यात हंस, कडेला फुलांच्या कुंड्या. इतकं सुंदर काही माझ्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आत्या मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती.

"वासू, हे केरेच की रे! आपल्या कुक्करहळ्ळीच्या तळ्यासारखं. फक्त हे जरा धुतलेलं आहे. याच्यासाठी विमानात बसवलंस?"

"आजी, हे जगप्रसिद्ध लेक आहे!" केतकी म्हणाली.

"असू दे बाई. आमचंही आमच्यात प्रसिद्धच आहे."

केतकीनं सूचना दिल्या, "आता दोन तास मोकळे. तीन वाजता लाकडी पुलाजवळ बस. तिथून थेट विमानतळ आणि घर. तीन म्हणजे तीन! आणि काका, बसमध्ये चढताना पासपोर्ट मला हातात दाखवायचे, तुमच्यासकट सगळ्यांनी."

"दाखवतो की!" मी ऐटीत म्हणालो. बसमध्ये चढायच्या आधी आत्याचा कोट मागून घ्यायचा, चार टाके उसवायचे, झालं!

इंदू बाकावर टेकली. आत्या पाण्याच्या पायऱ्यांवर हंस बघत बसली. मी दुकानांच्या काचांतले सूट बघायला गेलो. (डोंगर कुठं जात नाहीत, पण कॉलर कशी बसवली आहे हे बघायला पुन्हा कोण येणार?) अर्ध्या तासानं परत आलो तर आत्या नुसत्या स्वेटरवर.

"आत्या, कोट कुठाय?"

"दिला."

"दिला म्हणजे? कुणाला?"

"एका बाईला. माझ्याएवढी म्हातारी रे! तळ्यातून वर आली बिचारी, अंगावर चिंधीएवढं कापड, ओठ निळे पडलेले. पडली असेल पाण्यात! अय्यो, एक माणूस ढुंकून बघेल तर शपथ. मी आपला कोट काढला, घातला तिच्या अंगावर. नको नको म्हणत होती. सुम्मने, गुपचूप घाल, म्हटलं. घातला. माझ्या गालाची पापी घेतली आणि गेली."

तीन पासपोर्ट, एक चिंब म्हातारी, आणि घड्याळात दीड!

केतकीला गाठलं. आधी तिनं आत्यालाच समजावलं, "अहो आजी, पडल्या नव्हत्या त्या! इथले लोक रोज पोहतात. मुद्दाम!"

"मुद्दाम? या थंडीत?" आत्या म्हणाली. "मग तर बाई तिला कोटाची जास्तच गरज आहे."

मी म्हणालो, तो कोट परत आणायला हवा. आत्या ताडकन उभी राहिली. "दान दिलेली वस्तू परत मागायची? आपल्या घराण्यात?"

इंदूनंही बाकावरून तोफ डागली. "इतके कसे हो तुम्ही? आत्यांनी एक पुण्य केलं तर तुम्ही त्याचं कापड मोजायला निघालात?"

"मला तो... आठवण म्हणून हवाय," मी कसंबसं म्हणालो.

"मग माझा घ्या की! सेम टू सेम आहे!"

केतकीला बाजूला घेतलं आणि सगळं ओकलो. पोरगी पांढरीफटक पडली.

"काका! तुम्ही पासपोर्ट शिवून टाकलेत?"

"हातशिलाईनं," मी म्हणालो. (अशा वेळीसुद्धा अभिमान!)

शोध सुरू झाला. केतकी एका काठानं, मी दुसऱ्या. माझं इंग्रजी दुकानापुरतं, पण पुरावा तर अंगावर होता! दिसेल त्याला थांबवायचं, आपल्या कोटाकडं बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "सेम कोट. ओल्ड लेडी. व्हेअर?" पहिल्यानं अंगठा वर करून कोटाचं कौतुक केलं. दुसरीनं माझा फोटो काढला. तिसरा आजोबा मात्र बरोबर समजला. "याऽ याऽ!" म्हणाला, माझा हात धरला, आणि ज्या वेगानं निघाला त्या वेगानं मला म्हैसूरच्या बाजारातही कुणी ओढलेलं नाही. मी मनात पांडुरंगाचे आभार मानत धावत होतो. पाच मिनिटांनी आजोबा थांबला आणि विजयी मुद्रेनं बोट दाखवलं.

बाकावर इंदू बसली होती. शेंगदाणे खात.

"नॉट धिस लेडी!" मी ओरडलो.

"काय म्हणालात?" इंदू म्हणाली. ओल्ड लेडी हे शब्द तिनं ऐकले नव्हते, नाहीतर मी आज हे लिहायला उरलो नसतो.

तेवढ्यात केतकीचा फोन. सापडली! काठावर पाण्यातच खांब रोवून बांधलेलं एक लाकडी पोहण्याचं घर होतं, तिथं. मी पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. आत सात-आठ म्हाताऱ्या टॉवेल गुंडाळून गरम सूप पीत बसल्या होत्या आणि मध्ये, सिंहासनावर बसल्यासारखी, आमच्या थानातली किरमिजी म्हातारी! इतर जणी आळीपाळीनं अस्तराला हात लावून बघत होत्या. एरवी मी तिथंच हरखून मेलो असतो.

केतकीनं तिला इंग्रजीत सांगितलं. ती बाई मोठ्या मनाची, लगेच कोट उतरवून दिला. मी टेबलावरची पावाची सुरी उचलली आणि पाठीचं अस्तर टर्रकन फाडलं. म्हाताऱ्या किंचाळल्या. एकीचं सूप सांडलं.

आत बक्रम. नुसतं बक्रम.

मी खालपर्यंत फाडलं. बाह्या फाडल्या. कॉलर सोडली नाही. काही नाही! पॅरिसमध्ये घाईत, तिन्ही कोट एकासारखे एक... स्वतःच्याच कोटात शिवले की काय? अंगातला कोट काढला आणि तोही फाडला. बक्रम! केतकी म्हणत होती, "काका, प्लीज, काका, बसा जरा." एका म्हातारीनं मला पाणी दिलं आणि दुसरीनं हळूच सुरी लांब सरकवली.

त्याच वेळी माझ्या मागून निघालेल्या इंदू आणि आत्या दारातून आत आल्या. दोन कोटांच्या चिंध्यांत नवरा बसलेला बघून इंदूच्या हातातल्या शेंगदाण्यांची पुडीच पडली.

"अहो, वेड लागलं का? चाललंय काय हे?"

आता लपवून काय उपयोग? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "इंदू, पासपोर्ट गेले. आत्याच्या कोटात शिवले होते. आता नाहीत."

"आत्यांच्या कोटात?" इंदू सावकाश म्हणाली. "आत्यांचा कोट तर माझ्या अंगावर आहे."

सात-आठ म्हाताऱ्यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही सुपाचे चमचे खाली ठेवले.

"दुसऱ्या दिवसापासून," इंदू म्हणाली. "माझा मला दंडात शिरेना. आत्यांचा सैल होता, आणि माझा त्यांना बरोबर बसला. बदलले आम्ही."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं! आणि आठ दिवस पाठीत काहीतरी कडक टोचतंय, मला वाटलं, तुमचं बक्रम!"

तिसरा कोट फाडला. तिन्ही पासपोर्ट सुपाच्या वाडग्याशेजारी धपाधप पडले. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. केतकी खाली बसली.

"म्हणजे मी इंदूचा कोट दान केला?" आत्याला वेगळीच चिंता. "मग पुण्य कुणाच्या खात्यात गेलं?"

"आजी, बस सुटेल!"

"सुटू दे. फाटकं दान देणार आहोत का आम्ही? वासू, शिव आधी!"

सुई माझ्या शर्टाच्या कॉलरीत कायम असते. बारा मिनिटांत त्या बाईचा कोट पुन्हा उभा केला. आयुष्यात इतकं वेगानं आणि इतकं वाईट मी कधी शिवलं नाही. तरी ती बाई रडली आणि तिनं आत्याच्या दुसऱ्या गालाची पापी घेतली. तीनला दोन मिनिटं असताना आम्ही बसमध्ये चढलो. मी शर्टावर कुडकुडत, इंदू माझ्या शेजारी शालीत, आणि पासपोर्ट केतकीच्या गळ्यात.

बस सुटल्यावर इंदू खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकतीस वर्षं झाली लग्नाला. सगळ्या म्हैसूरला टेप लावलात तुम्ही. मला कधी लावलात? विचारलं की म्हणता, तुझं माप माझ्या डोळ्यांत आहे. ते लग्नातलं माप आहे, अहो."

मला फार लागलं ते. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो.

"आता राहू द्या," ती म्हणाली. तिनं म्हैसूरातल्याच विजयनगरमधला एक नवा पोरगेला टेलर धरलाय. तिचे ब्लाउज आता तिकडं जातात, आणि आणायला स्कूटरवरून मी जातो. परवा येताना कोपऱ्यावर स्कूटर उभी केली, इकडं तिकडं ओळखीचं कुणी नाही ना बघितलं, ब्लाउज उलटा करून एकेक शिवण तपासली. दंडाला अर्धा इंच जास्त ठेवलाय त्यानं, हात मोकळा फिरावा म्हणून काखेत कळी घातलीय. फिटिंग झकास आहे, मेल्याचं!